डाव्या कानाची चिठ्ठी

सकाळी ऑडिओमीटर, म्हणजे ऐकणं मोजायचं यंत्र, सुरू केलं की पहिला पेशंट आत घेण्याआधी ते चालवणाऱ्याने स्वतः हेडफोन लावून बसायचं, अशी आमच्या कामातली रीत आहे. यंत्र पट्टीवर दाखवतं तेवढाच आवाज खरोखर सोडतंय का, हे रोज कुठल्या मीटरने पाहत नाहीत. मीटर घेऊन इंजिनियर वर्षातून एकदा येतो. बाकीचे दिवस कान हाच मीटर. तपासणाऱ्याचे कान आधीच मोजून ते आकडे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलेले असतात. रोज तेच आकडे आले तर यंत्र ठीक. दहा डेसिबलचा फरक पडला तर कुठेतरी बिघाड. आकडे लिहायचे, सही करायची, मग दार उघडायचं.

बोरिवलीच्या एका कान-नाक-घसा दवाखान्यात मी सतरा वर्षं ही सही केली. त्यातली तेरा वर्षं शनिवारी रात्री अंधेरीच्या एका क्लबमध्ये मी डीजे म्हणून वाजवत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. लोकांना ते समजावून सांगण्याचाच मला पगार मिळत होता.

काम बाहेरच्या माणसाला सांगायला सोपं आहे. पेशंट एका बंद, गादी लावलेल्या खोक्यासारख्या खोलीत, म्हणजे बूथमध्ये, बसतो. मध्ये काच. मी काचेच्या या बाजूला. त्याच्या कानात मी एकेक सूर सोडते, जाडापासून बारीकापर्यंत, आणि प्रत्येक सूर इतका हळू करत नेते की तो ऐकू येईल न येईल अशा जागी पोचतो. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. माझ्या बाजूला दिवा लागतो. उजव्या कानासाठी कागदावर लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. कागदावर आकडे वरून खाली वाढत जातात. खुणा जितक्या खाली उतरतील तितकं ऐकणं कमी. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा आलेख नीट चाललेला असतो आणि चार हजार हर्ट्झच्या बारीक सुराशी येऊन एकदम खड्ड्यात पडतो. तो खड्डा पाहिला की आम्ही नाव वाचायच्या आधीच विचारतो, काम कुठलं.

माणसं फसवायलाही येतात. नोकरीसाठी फिटनेसचा दाखला हवा असलेला माणूस सूर येत नसतानाही अंदाजाने बटण दाबत राहतो. त्याला पकडायचं तर सूर सोडायचाच नाही, नुसतं वाट पाहत बसायचं. तो शांततेवर बटण दाबतो. उलट बाजूचेही असतात. दहिसरचे एक आजोबा दोन्ही कानांनी ठार बहिरे म्हणून आले होते. सूनबाई बाहेर गेल्यावर मी हळू आवाजात विचारलं, काका, पाणी देऊ का? ते हो म्हणाले आणि मी पाणी दिलं. रिपोर्ट मी खराच लिहिला. त्यांनी तो घडी करून बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि बाहेर जाताना सुनेला, हात कानामागे धरून, काय म्हणालीस, असं विचारलं.

दुसरं काम समजावणं थोडं कठीण, कारण लोकांना वाटतं डीजे म्हणजे बटण दाबून गाणी लावणारा. गाणं लावायला कोणी लागत नाही. एक गाणं चालू असताना दुसरं त्याच्या ठेक्यात अशा जागी सोडायचं की नाचणाऱ्याच्या पायाला कळावं आणि डोक्याला कळू नये, हे काम. त्यासाठी पुढचं गाणं हॉलमध्ये जायच्या आधी मला एकटीला ऐकावं लागतं. हेडफोनचा एक गोळा कानावर, दुसरा कान मोकळा. मोकळ्या कानात हॉल, झाकलेल्या कानात येणारं गाणं. हॉलमध्ये आणि माझ्या पायाशी असलेल्या मॉनिटर स्पीकरमध्ये इतका आवाज असतो की झाकलेल्या कानातलं गाणं त्याच्या वर आणावं लागतं. प्रत्येक डीजेचा एक कान ठरलेला असतो. माझा डावा.

शनिवारी दवाखाना दोनला बंद. चार ते सात झोप, कधी लागली तर. गोरेगावच्या घरून अंधेरी. साडेदहा ते दीड. रविवारी मी कोणाच्या उपयोगाची नसे, पण झोपतही नसे. उठून कपाटं आवरायची, मसाल्याचे डबे पुसायचे, पंखे पुसायचे, मग उगाच खाली जाऊन कोथिंबीर आणायची, घरात असताना. आई म्हणायची, "बस की गं जरा एका जागी. तुझ्याकडे बघून मला दम लागतो." बसले की डाव्या कानात सूं असा आवाज येई. उभं राहिलं, भांडी वाजवली, नळ सोडला की तो दबे. हे मी आईला सांगितलं नाही. ती कोणाला तरी दाखव म्हणाली असती आणि ज्यांना दाखवायचं त्यांच्याकडे मी रोज कामाला जात होते.

दवाखान्यात सगळ्यांना माझं शनिवारचं काम ठाऊक होतं, पेशंटांना नाही. एकदा एक तरुण कान वाजतात म्हणून आला. मी त्याला नेहमीचं सांगितलं: मोठ्या आवाजाच्या जागा टाळा, जायलाच लागलं तर कानात घालायचे बोळे मिळतात ते घाला. पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री तो फर्माईश घेऊन माझ्या टेबलाशी उभा होता. आधी गाण्याचं नाव ओरडला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत पाहिलं. "मॅडम, तुम्ही?" आणि त्याने दोन्ही कानांतले बोळे काढून मला तळहातावर दाखवले. मी मान डोलावली. माझ्या कानावर हेडफोन होता.

आता चुकीकडे येते.

शनिवारनंतरचे सोमवारचे आकडे माझे कधीच बरोबर येत नसत. मोठ्या आवाजाने कान तात्पुरता मंदावतो आणि दोन-तीन दिवसांत परत येतो, हे पाठ्यपुस्तकातलं आहे. सोमवारी माझा डावा कान चार हजारला ढिला असे. म्हणजे यंत्र चुकलेलं नसे, मीटर चुकलेला असे. हे मला माहीत होतं, म्हणून सोमवार-मंगळवारी मी शुक्रवारचेच आकडे उतरवत असे आणि खरी तपासणी बुधवारपासून पुढे करत असे. रजिस्टर रोजचं दिसत होतं. ते रोजचं नव्हतं. यात कोणाचं काही बिघडत नाही, असं मी धरून चालले होते. यंत्र चांगलं होतं.

मग एका जूनमध्ये डाव्या हेडफोनची तार आत तुटली. दुरुस्तीवाल्याने नवी घालून दिली. त्याच आठवड्यात गुरुवारी मी तपासणीला बसले आणि डाव्या बाजूला चार हजारला दहा डेसिबलचा फरक आला. गुरुवारी. शुक्रवारी तेवढाच. पुढच्या गुरुवारीही तेवढाच. मी निष्कर्ष काढला की नव्या तारेमुळे डावा हेडफोन कमी आवाज सोडतोय.

अशा वेळी काय करायचं ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. हेडफोन उलटे लावायचे. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. फरक हेडफोनबरोबर सरकला तर दोष हेडफोनचा. कानापाशीच राहिला तर कानाचा. याला दोन मिनिटं लागतात.

मी ती दोन मिनिटं घेतली नाहीत. त्याऐवजी एक चिठ्ठी लिहिली: डावा, चार हजार, वजा दहा. यंत्राच्या कपाळावर चिकटपट्टीने लावली. अशी चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे, जुन्या यंत्रांवर असतात. इंजिनियर येईपर्यंत वाचलेल्या आकड्यातून तेवढे वजा करून लिहायचं. पट्टीवर पंचेचाळीस आले की कागदावर पस्तीस. सामंत सरांनी, म्हणजे आमच्या दवाखान्याच्या प्रमुखांनी, जाता-येता चिठ्ठी पाहिली आणि काही विचारलं नाही. सतरा वर्षं सही करणाऱ्या माणसाची चिठ्ठी होती.

जुलैमध्ये मनोरीहून जगन्नाथ आणि हिरा हे जोडपं आलं. मासेमारी बंद असते त्या दिवसांत कोळीवाड्यांतले लोक दवाखान्याची कामं उरकून घेतात, आमच्याकडे गर्दी असते. जगन्नाथ पन्नाशीचा. भावाच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा, वीस वर्षं. भाऊ तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. इंजिन डाव्या हाताला, तांडेलाची हाक उजवीकडून. प्रश्न मी त्याला विचारत होते आणि उत्तरं हिरा देत होती.

"ह्याला काय पण ऐकू येत नाय, बाय. टीव्हीचं येतं, भावाचं येतं, माझं नाय येत."

"तिचं कोणाला ऐकायचंय," जगन्नाथ म्हणाला.

आत बसल्यावर मात्र तो उत्तम पेशंट निघाला. घाई नाही, अंदाज नाही. डोळे मिटून बसला आणि सूर आला तेव्हाच बटण दाबलं. डावा कान, चार हजार: पंचेचाळीस. मी चिठ्ठीकडे पाहिलं आणि पस्तीसवर फुली मारली.

आमच्याकडे आकडा चाळीसच्या पुढे गेला आणि माणूस आवाजात काम करत असला तर सर लिहून देतात की ही जागा सोडा. पस्तीसला, काळजी घ्या, वर्षाने या. जगन्नाथला वर्षाने बोलावलं. बाहेर पडताना त्याने मला विचारलं की हा कागद भावाला दाखवला तर चालेल ना. मोसम सुरू व्हायच्या आधी भावाला ठरवायचं होतं, इंजिनावर कोण. मी म्हटलं, चालेल. हिरा कागदाकडे बघत म्हणाली की मशीन काय बोलते ते खरं, बायको बोलते ते खोटं. आम्ही तिघंही हसलो.

इंजिनियर नोव्हेंबरमध्ये आला. त्याने हेडफोन आपल्या मीटरच्या पेल्यासारख्या खोबणीवर बसवले, एकेक सूर सोडून आकडे टिपले. मग हात थांबवून वर पाहिलं.

"मॅडम, ही चिठ्ठी कशाची?"

मी सांगितलं.

"डावा-उजवा दोन्ही बरोबर आहेत." त्याला माझा चेहरा दिसला असावा. "एकदा परत घेतो."

त्याने परत घेतलं. चार हजारला तिसऱ्यांदाही घेतलं.

"बरोबर आहे, मॅडम. तार एकदम ओके. चिठ्ठी काढू?"

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. सामंत सर लगेच बाहेर आले नाहीत. दुपारी एकला शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि बूथकडे बोट दाखवलं. पहिल्या पानावरचे आकडे घेतले त्यानंतर सतरा वर्षांत आत काचेच्या त्या बाजूला खुर्चीत बसायची माझ्यावर वेळ आली नव्हती. सकाळची तपासणी बाहेरच्या स्टुलावरच होई. आतून सरांचं फक्त डोकं दिसत होतं. हात दिसत नाहीत, हे मी पेशंटांना सांगत असे. ते इतकं जाणवतं हे ठाऊक नव्हतं. चार हजारला उजवा कान पाच. डावा वीस; रजिस्टरच्या पहिल्या पानावर तो दहा होता. मग ते आत आले, स्वतः हेडफोन उलटे लावले आणि परत जाऊन बसले. डावा वीसच.

इतर कोणासाठी तो कान नॉर्मल होता. यंत्राचं माप म्हणून तो बाद होता.

सरांनी नेहमीचा फॉर्म पुढे ओढला आणि मला विचारायला लागले, जसं आम्ही कोणालाही विचारतो.

"कान वाजतात?"

"डावा."

"केव्हा?"

"रविवारी."

"सोमवारी?"

"सोमवारी पण."

"मंगळवारी?"

मी फॉर्मकडे पाहिलं. त्यांनी फॉर्मवर 'हो' लिहिलं.

"मीनल, हेडफोन उलटे लावायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"मग का नाही लावलेस?"

"लावले असते तर कळलं असतं."

ते थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. रजिस्टर उद्यापासून प्राची भरेल, म्हणाले. प्राची आमची नवी सहकारी, दीड वर्षाची नोकरी. जूनपासूनच्या सगळ्या फायली मी काढायच्या, दहा डेसिबलने ज्यांचा सल्ला बदलतो ते वेगळे करायचे, आणि फोनही मीच करायचे. प्रत्येकाला काय झालं ते सांगायचं, यंत्रात दोष होता असं सांगायचं नाही. यंत्रात दोष नव्हता.

त्या शनिवारी मी क्लबमध्ये लवकर गेले. हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या. आवाजाची सगळी व्यवस्था अस्लमकडे असे. कुर्ल्याचा माणूस, मला हे काम त्यानेच शिकवलं. त्याला मी विचारलं की माझ्या मॉनिटरचा आवाज पूर्वीपेक्षा वाढलाय का. त्याने मला बोलावून साउंड मिक्सरवर चिकटवलेली पांढरी पट्टी दाखवली. माझ्या बाजूच्या बटणाशेजारी पेनाच्या रेघा होत्या, एकीवर एक, चार.

"ही आपण सुरू केलं तेव्हाची. ही लॉकडाऊननंतरची. ही मागच्या दिवाळीची. आणि ही आत्ताची, गणपतीनंतरची."

"मला सांगितलं नाहीस?"

"अगं, तूच तर सांगतेस ना दर वेळी, अस्लम, थोडा वर कर. मी म्हटलं, कानाची डॉक्टर आहे, तिला माहीत असेल."

मी डॉक्टर नाही, हे त्याला अनेकदा सांगून झालं होतं. त्याच्या रेघा माझ्या रजिस्टरपेक्षा बरोबर होत्या. साडेदहाला मी वाजवायला उभी राहिले. अस्लमला माझं बटण सगळ्यांत खालच्या रेघेवर आणायला सांगितलं. पहिल्या तासात दोन वेळा ठेका चुकला. माझ्याकडून तेरा वर्षांत असं झालं नव्हतं. दोन-तीन जणांनी मान वळवून पाहिलं. अकरा-साडेअकराला मी अस्लमकडे पाहून अंगठा वर केला. त्याने नको अशी मान हलवली. मी परत वर केला.

सल्ला बदलणारे अकरा निघाले. फोन करायला मला तीन दिवस लागले, त्यातला एक दिवस पहिला फोन करण्यात गेला. एका शिक्षिकेने रिपोर्टचं पाकीट अजून उघडलंच नव्हतं. एक गृहस्थ मला कानाचं मशीन विकणारी समजले आणि दोन वेळा फोन ठेवला. कांदिवलीचा एक कॉम्प्रेसरवाला मला दहा मिनिटं सुनावत होता, सगळं बरोबर बोलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी येऊन बाकावर बसला. दहा जण परत आले. जगन्नाथचा फोन हिराने एकदा उचलला, तो बोटीवर हाय म्हणाली, आणि नंतर तो नंबर लागेना.

मी सरांना म्हटलं की रविवारी मनोरीला जाऊन येते. त्यांनी पत्त्याचा कागद काढून दिला.

रविवारी तीन तास झोप झाली होती. मालाड, मार्वे, जेट्टी. फेरीबोटीत शिरताना मी इंजिनापासून लांबची जागा पाहून उभी राहिले आणि उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे पहिल्यांदाच केलंय. कान वाजत होता. तिथे त्याला दाबायला पुरेसा आवाज नव्हता, म्हणून मी बोटीतल्या एका बाईशी भाज्यांच्या भावावर बोलत राहिले.

घर सापडायला वेळ लागला नाही. हिरा बांबूच्या दांड्यांवर बोंबील लावत होती. मला पाहून आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि हसली. फोन पाण्यात पडला होता. "रविवारचा दवाखाना घरी आला काय, बाय?" जगन्नाथ पडवीत जाळं घेऊन बसला होता. तो उठू लागला, मी नको म्हटलं. बसायला पाट दिला तरी मी उभीच राहिले. उभ्याने सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं.

मी सगळं क्रमाने सांगितलं. यंत्र बरोबर होतं. माझा कान बिघडला होता. मला वाटलं यंत्र बिघडलंय, कारण मला तसं वाटायला हवं होतं. म्हणून मी तुमच्या आकड्यातून दहा काढले. पंचेचाळीस होते, पस्तीस लिहिले. पंचेचाळीस लिहिले असते तर सरांनी इंजिन सोडायला सांगितलं असतं. तुम्ही त्यानंतर चार महिने इंजिनाजवळ बसलात.

हिराला आधी समजलं. हातातला बोंबील तसाच धरून ती नवऱ्याकडे वळली. "म्हणजे मी बोलत होती ते खरं होतं."

जगन्नाथ बराच वेळ जाळ्यातली एकच गाठ पाहत होता. भावाने विचारलं तेव्हा आपण कागद दाखवला, असं तो म्हणाला. भावाने कागद वाचून परत दिला आणि इंजिनावर बस म्हणाला. मोसमात दोनदा डावीकडून आलेली हाक ऐकू आली नाही. भाऊ ओरडला, लक्ष कुठे असतं म्हणून. तो गप्प राहिला, कारण कागद तर बरा होता. म्हणजे लक्षच नसणार.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा खरं लिवलं असतं ना तुमी, तरी मी इंजिनावरच बसलो असतो. वीस वर्षं बसलोय. भावाला सांगितलं असतं, काय नाय होत." त्याने जाळं बाजूला ठेवलं. "पण माहीत असून बसलो असतो. तेवढं तुमी घेतलंत माझं."

मी हो म्हटलं.

हिराने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमचा कान कशानं गेला?"

"गाणी वाजवते. क्लबमध्ये, शनिवारी. मोठ्याने असतं."

"आता सोडलं ना?"

"नाही."

"नाय?"

"काल गेले होते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोंबील दांडीवर टाकला. "घ्या," ती म्हणाली. "दोन झाले."

जगन्नाथ गुरुवारी दवाखान्यात आला. सकाळची तपासणी प्राचीने केली, त्याला तपासायला सर स्वतः बसले. मी बाहेर नावं लिहून घेत होते. डावा कान चार हजारला पंचावन्न. चार महिन्यांत एवढं घसरलं ते सगळं इंजिनाचं म्हणता येत नाही, सरांनी त्याला तसं समजावलं. त्यातलं किती माझ्या सहीचं हे कुठल्याही पट्टीवर मोजता येत नाही, आणि ते मी अनेक वेळा मोजून पाहिलंय.

आठवड्याभराने हिराचा नव्या नंबरावरून फोन आला. त्याने इंजिन सोडलं होतं. भावाने दुसरा माणूस घेतला, जगन्नाथ आता जाळ्यावर. बोटीवर काही बोलत नाही, घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसतो. चांगली बातमी म्हणून ती सांगत नव्हती. मला कळवायला हवं म्हणून कळवत होती. शेवटी म्हणाली, "पण सोडलं हां, बाय. बोलला होता बसेन म्हणून. नाय बसला."

मला ओळखीचे लोक विचारतात की मग तू का नाही सोडलंस. मी त्यांना सांगते की आता माझ्या कानाच्या साच्यात ओतून घेतलेले बोळे घालते, आवाज अस्लमच्या दुसऱ्या रेघेच्या वर जाऊ देत नाही, महिन्यातून दोनच शनिवार घेते. हे सगळं खरं आहे. यात उत्तर नाही. उत्तर असं आहे की आठवड्याचे सहा दिवस मी ऐकू येईल न येईल अशा आवाजाच्या कडेला बसते, एकेका माणसाबरोबर, आणि बहुतेकांना त्या कडेच्या पलीकडे गेलेलं पाहते. शनिवारी एक क्षण असा येतो की दुसरं गाणं पहिल्यात शिरलेलं असतं, अजून कोणाला कळलेलं नसतं, आणि हॉलमधले सगळे पाय एकदम बदलतात. न जाण्याचे दोन शनिवार मी घरात काढते. आई झोपल्यावर स्वयंपाकघरातले डबे उतरवते, पुसते, परत लावते.

माझी फाइल आता पेशंटांच्या कपाटात आहे. दर तीन महिन्यांनी दुपारी एकला सर मला बूथमध्ये बसवतात. डावा कान वीस होता. पुढच्या खेपेला वीस. गेल्या खेपेला पंचवीस. निळी फुली मारून झाली की ते दार उघडतात आणि फॉर्मवरचा उरलेला एकच प्रश्न विचारतात.

"या शनिवारी?"

"आहे."

ते लिहून घेतात.